एकशे वीसच्या चालीतली नऊ गाणी

आमच्या बँडचा दुसरा अल्बम एका रिकाम्या पोल्ट्रीत तयार झाला. साताऱ्याहून कोरेगावकडं जाताना कारखाने मागं पडले की उसाची रानं लागतात. त्यातल्या एका रानाच्या कडेला सुभेदारांचं घर होतं आणि घरामागं पत्र्याची लांबलचक शेड. कोंबड्या रोग येऊन गेल्या होत्या आणि सुभेदारांनी परत पक्षी घातले नव्हते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मात्र ढिगानं पडून होते. ते आम्ही आवाज दबावा म्हणून भिंतींना आतून ठोकले. आवाज फारसा दबला नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळालं.

आम्ही तिघं होतो. ओंकार बास गिटार वाजवायचा आणि गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. प्रथमेश गिटारवर. तो कोयनानगरचा, धरणाच्या वसाहतीत वाढलेला. भूकंपानं भांडी वाजली की घराबाहेर पळायचं हे त्याला चालायच्या आधी कळलं होतं असं तो सांगायचा. त्याच्यामुळंच बँडचं नाव हादरा पडलं. ड्रम माझ्याकडं. दिवसा मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत होते आणि तीनला सुटत होते. आमच्या संगीताला मेटलकोर म्हणतात. खूप वेगात गिटार, त्याहून वेगात पायाखालचे दोन ढोल, वर ओरडणं, आणि मग मध्येच सगळं एकदम जड आणि संथ होतं. त्या संथ जागेला ब्रेकडाऊन म्हणतात. ऐकणारे तिथं डोकी हलवतात. हे सगळं मी एकदा सुभेदारांना समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "ब्रेकडाऊन गाडीचं व्हतं. तुमी मुद्दाम करताय व्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि तो शब्द पुढं कधी वापरला नाही. त्या जागेला ते थांबा म्हणायचे.

सुभेदार फौजेच्या बँडमध्ये होते. गळ्यात अडकवायचा मोठा ढोल त्यांनी पंचवीस वर्षं वाजवला आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पहिल्या भेटीत त्यांनी दोनच प्रश्न विचारले. किती जण आणि किती वाजता. ओंकार म्हणाला, तिघं, साधारण चारच्या सुमाराला. ते म्हणाले, "सुमाराला न्हाई. चारला." पावणेसहाला बंद करायचं हेही त्यांनीच ठरवलं, कारण शेजारी त्यांच्या चुलतभावाच्या जर्सी गायी होत्या आणि सहाला धारा काढायच्या असत. भाऊ आधी बराच कुरकुरत होता. मग सुभेदारांनी त्याला आमचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलं आणि त्यावर सही केली. भावाचं समाधान झालं. गायींचं काय झालं ते कळलं नाही.

त्यांच्या बऱ्याच गोष्टी निराळ्या होत्या. माणसांशी ते मराठीत बोलत आणि यंत्रांशी हिंदीत. स्कूटर सुरू होत नसली की तिला बेटा म्हणून समजावत. डेअरीला दूध घालायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून जात. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला होता. बादली सहा, खोरं अकरा, पिठाचा डबा तेवीस. आम्ही सामान आणून ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रमवर एक्केचाळीस ते सत्तेचाळीस असे आकडे पडले होते. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला म्हणाल्या, "एक मीच तेवढी बिननंबरी राह्यलीय." सुभेदारांनी ऐकलं, पण ते हसले नाहीत. त्यांना ती तक्रार खरी वाटली असावी.

पहिल्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून आमची तीन गाणी ऐकली. ओंकारला वाटलं, आता म्हातारा आवाजाबद्दल बोलणार. ते आवाजाबद्दल काहीच बोलले नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, तू पळतीयास. तू पळतीयास म्हणून ही दोघं तुझ्यामागनं पळत्यात. कुत्रं लागलंय का मागं?"

ते खरं होतं. आमचा पहिला अल्बम आम्ही ओंकारच्या लॅपटॉपवर केला होता आणि त्यातलं एकही गाणं ज्या वेगात सुरू झालं त्या वेगात संपलं नव्हतं. पण त्यात एक वेडेपणा होता. एका गाण्यात प्रथमेशनं मधेच हलगीसारखं काहीतरी गिटारवर वाजवलं होतं. एक गाणं अर्ध्यातच बंद पडलं होतं आणि आम्ही ते तसंच ठेवलं होतं. थोड्याच लोकांनी तो ऐकला, पण ज्यांनी ऐकला त्यांना प्रत्येक गाणं वेगळं आठवायचं.

पुढच्या आठवड्यापासून सुभेदार शेडबाहेरच्या कोब्यावर येरझाऱ्या घालायला लागले. आम्ही वाजवायला लागलो की त्यांचं चालणं सुरू. दार उघडं असायचं आणि ते मला तिथून सतत दिसायचे. ताठ मान, हात खांद्यापर्यंत. माझा वेग घसरला किंवा वाढला की ते जागच्या जागी थांबत, पत्र्यावर एक थाप मारत आणि म्हणत, "दोबारा." मग पहिल्यापासून. एका संध्याकाळी आम्ही एकच गाणं सतरा वेळा सुरू केलं. ओंकार वैतागला, पण अठराव्यांदा जे वाजलं ते ऐकून त्यानं गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, "गड्या, हे आपण वाजवलं?" आम्ही कधीच तिघं मिळून एका ठिकाणी पोचलो नव्हतो. त्या दिवशी पोचलो.

मी एकदा फोनवर मोजलं. सुभेदारांची पावलं मिनिटाला एकशे वीस पडत होती. दुसऱ्या दिवशी मोजलं, एकशे वीस. त्यांना ताप होता तेव्हा मोजलं, तेव्हाही तेवढीच. मला त्याची इतकी सवय झाली की नवीन गाणं रचायला बसलो तरी माझा पाय आपोआप त्यांच्या पावलावर पडायचा. त्यात मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबरोबर मोजत होतं.

आठ महिन्यांत नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ओंकारनं ठेवलं, 'पुन्हा'. तेव्हा कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही सांगलीला गेलो. तिथल्या स्टुडिओत एरवी भजनं आणि जयंतीची गाणी व्हायची. सुभेदार आमच्याबरोबर एसटीनं आले. त्यांनी आम्हाला दोन तास आधी पोचवलं, त्यामुळं आम्ही बंद शटरसमोर ड्रमवर बसून पोहे खाल्ले. रेकॉर्डिंग करणारा माणूस शांत स्वभावाचा होता. वेग धरायला कानात टकटक लावून देऊ का असं त्यानं विचारलं, तर आम्ही नको म्हटलं. पहिलं गाणं झाल्यावर त्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि मला विचारलं की मी कुठं शिकले. मी काचेबाहेर खुर्चीत बसलेल्या सुभेदारांकडं बोट दाखवलं. ते बसल्या जागी पाय हलवत होते. दीड दिवसात नऊ गाणी झाली. पाचव्या गाण्याच्या वेळी त्या माणसानं विचारलं होतं, "हे मगाचंच परत घेताय का?" आम्ही खूप हसलो. त्याला मेटलकोर कळत नाही असं ओंकार म्हणाला.

अल्बम इंटरनेटवर टाकला तेव्हा ओंकारनं कंपनीतली नोकरी सोडलेली होती. पुण्यात अशा बँडांचा एक मोठा कार्यक्रम व्हायचा, त्यात आमचं नाव जवळजवळ ठरलं होतं. अल्बम ऐकून कळवतो असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या आधी एका वेबसाइटवर परीक्षण आलं. लिहिणारा बंगळुरूकडचा कुणीतरी होता. त्यानं लिहिलं होतं की ताकद भरपूर आहे, तिघंही जीव तोडून वाजवतात, ड्रम तर घड्याळासारखे आहेत. पण चौथ्या गाण्यापर्यंत आपण हे ऐकलंय असं वाटतं आणि सातव्याला खात्री पटते. पुण्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. यंदा जमणार नाही.

ओंकारनं ते परीक्षण शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं, मराठी करून. सुभेदार दारात उभे होते. वाचून झाल्यावर ओंकार त्यांच्याकडं वळला.

"तुम्ही आमची परेड करून टाकली," तो म्हणाला. "आम्ही गाणी करत होतो. तुम्ही कवायत करून घेतली."

प्रथमेश गिटारच्या तारा पुसत राहिला.  सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुला काय वाटतंय?"

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "नऊच्या नऊ गाण्यांची चाल एकच आहे. तुमच्या पायाची."

त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेसहाला अजून वेळ होता, पण ते म्हणाले की आज बंद करा. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, ती गाणी पेनड्राइव्हवर घालून मिळतील का. त्यांच्याकडं पेनड्राइव्ह लागणारा रेडिओ होता. प्रथमेशनं घालून दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसानं आमचा अल्बम अजून सलग ऐकलेलाच नव्हता. शेडबाहेरून ऐकला होता, काचेबाहेरून पाहिला होता.

आठ दिवस आम्ही गेलो नाही. काकूंनी नंतर सांगितलं की ते आठही दिवस दुपारी रेडिओ कानाशी धरून बसायचे. काकूंनी एकदा विचारलं, कशाला त्रास करून घेताय. तर म्हणाले, अहवाल द्यायचाय.

नवव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला आणि आम्ही तिघंही गेलो. ओंकार माफी मागायच्या तयारीनं आला होता, पण त्याला संधी मिळाली नाही. सुभेदारांनी आम्हाला खाटेवर बसवलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उभं राहून वाचला. पहिलं, तिसरं, चौथं आणि सातवं, ह्या चारही गाण्यांत थांबा एकाच ठिकाणी येतो. पाचव्या आणि आठव्याची अदलाबदल केली तर कुणाला कळणार नाही. दुसऱ्यात दोन ठिकाणी पोरीचा हात मोकळा सुटलाय, ते चांगलं आहे. सहाव्यात ओंकार काय म्हणतो ते समजत नाही, पण तो रागावलाय हे समजतं. नववं बरं आहे, कारण त्यात सगळे दमलेले आहेत.

मग त्यांनी कागदाची घडी घातली. "लिवणारा बरोबर हाय," ते म्हणाले. "त्यो मानूस नीट ऐकतोय. मी तुमास्नी एकच चाल दिली. मला दुसरी भरवशाची वाटत न्हाई. चूक माझी हाय."

ओंकार म्हणाला की गाणी तर आम्हीच केली होती. सुभेदारांनी हातानं त्याला थांबवलं. अहवाल संपला होता.

काकूंनी मला चहाचे कप आत न्यायला बोलावलं आणि स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. सुभेदारांचा फौजेतला एक जिवलग मित्र होता, दहिवडीच्या पुढच्या एका खेड्यातला. तिकडच्या धनगर घरातला मुलगा, ह्यांच्याच बरोबरीनं भरती झालेला. तो सीमेवर कामी आला तेव्हा त्याला गावी आणलं, आणि सोबत बँडची लहान तुकडी आली होती. मोठा ढोल ह्यांच्या गळ्यात. अंत्ययात्रेची चाल फार संथ असते. त्या दिवशी ह्यांचा हात पळाला. पुढची माणसं ढोलाच्या तालावर चालत होती, तीही भरभर चालायला लागली. घरापासून ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंतचा रस्ता अर्ध्या वेळात संपला. कुणी काही बोललं नाही, वरचे साहेबही नाहीत. "त्या दिवसापास्नं हे असं," काकू म्हणाल्या. "रस्त्यानं भाजी आणायला गेलं तरी मोजत्यात. तीस वर्सं झाली, त्या गावाला पाय लावला न्हाई."

मी कप विसळत राहिले. मला माझं वाक्य आठवलं. तुमच्या पायाची.

बँड त्यानंतर फार चालला नाही. भांडण झालं नाही. ओंकार पुण्याला गेला आणि तिथं दुसऱ्या एका बँडमध्ये ओरडतो, त्याचं चांगलं चाललंय. प्रथमेश लोणंदला एका कारखान्यात लागला. गिटार त्यानं विकलेली नाही एवढं मला माहीत आहे. 'पुन्हा' अजून इंटरनेटवर आहे. मी तो अधूनमधून लावते. परीक्षण लिहिणाऱ्याचं म्हणणं मला पटतं. तरी पहिल्या गाण्याला आम्ही तिघं एका क्षणी एकत्र सुरू होतो ते ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि मग दुसऱ्या गाण्यालाही येतो, कारण ते तसंच सुरू होतं.

दहिवडीकडं आम्ही गेलो ते ओंकार जायच्या आधी, दिवाळी झाल्यावर. सुभेदारांनी लॅबमध्ये फोन करून मला विचारलं, रविवारी मोकळी आहेस का. "एका गावाला जायचंय," ते म्हणाले. "चाल कळणारं मानूस बरूबर पायजे." काकू का नकोत असं मी विचारलं नाही.

एसटीत ते खिडकीशी ताठ बसले. उसाची रानं संपली, मग ज्वारी लागली, मग नुसतं माळरान. बऱ्याच वेळानं मी धीर केला आणि म्हटलं, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. ते बाहेरच बघत म्हणाले, "तू बोललीस म्हणून निघालो. ती चाल तुमच्या गाण्यात घुसली नसती, तर माझ्यापाशीच राह्यली असती." 

मित्राची बायको घरी एकटीच होती. सत्तरीची, उंच, काटक बाई. मुलगा तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी गाळायच्या कामावर होता. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं आणि दारात चार मेंढरं. सुभेदारांनी नाव आणि गाव सांगितलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"सुट्टीला आलेला तवा कुळथाचं माडगं पिऊन आजारी पडला ते तुमीच न्हवं?" त्यांनी विचारलं.

सुभेदार हो म्हणाले. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि ही कोण असं विचारलं. "ढोल वाजवती," सुभेदार म्हणाले. बाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी आम्हाला घोंगडं टाकून दिलं, पाणी दिलं, मुलाचं, सुनेचं, पावसाचं सांगितलं. सुभेदार हो हो म्हणत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग बाई बोलायच्या थांबल्या, तेव्हा ते एकदम बोलले.

"वैनी, एक सांगायचं राह्यलंय. त्याला वढ्याकडं नेलं तवा मोठा ढोल माझ्या गळ्यात व्हता. सावकाश न्यायचा असतो मानूस. माझा हात पळाला. सगळी माझ्या तालावर चालत व्हती, तीबी पळाली. त्याला लवकर नेलं मी. आणखी घटकाभर गावात राह्यला असता."

 बाहेर एक मेंढरू खाकरलं. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा उठून आत जातील.

"ढोल व्हता व्हय?" त्या म्हणाल्या.

सुभेदारांना समजलं नाही.

"मला काय बी ऐकू येत नव्हतं तवा," बाई म्हणाल्या. "बायकांची तोंडं हलत्याली दिसायची. वाजत व्हतं हे मला आज कळतंय." त्यांनी पदरानं हात पुसले. "कसं वाजिवलंत? दावा की."

सुभेदारांनी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात मित्राची फौजेतली काळी लोखंडी पेटी होती. त्यावर पातेली मांडलेली होती. बाई उठल्या, पातेली एकेक करून खाली ठेवली, पेटीवरची धूळ झटकली आणि समोर बसल्या. सुभेदार पेटीजवळ मांडी घालून बसले. त्यांनी दोन्ही तळहात पेटीवर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवून दिले. मग एक थाप मारली. तिचा आवाज विरेपर्यंत थांबले आणि दुसरी मारली.

इतकं संथ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी सवयीनं मनात मोजायला लागले. दोन थापांच्या मध्ये मेंढरांचे श्वास ऐकू येत होते. मनातल्या त्या वाटेवर घर मागं पडलं, वेस गेली असेल, आणि कुठंतरी त्यांचा हात पुढं पळाला. मला ते लगेच कळलं, त्यांनाही कळलं असणारच. त्यांनी तो मागं ओढला नाही आणि थांबलेही नाहीत. डोळे मिटून, पळणारा हात तसाच घेऊन ते ओढ्यापर्यंत गेले. शेवटची थाप मारली आणि हात पेटीवर तसेच राहू दिले.

बाई पेटीकडं बघत होत्या.

"आता ऐकलं," त्या म्हणाल्या.